मुसा बुसीची भाषा आणि आपला मुलूख

फ्रेंच भाषेचा आणि नांदेड-लातूरचा संबंध काय, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला निदान पन्नास जणांनी विचारला असेल. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "शिकून उपयोग काय?" मी सुटीत मामांकडे हैदराबादला राहून फ्रेंचचा प्राथमिक वर्ग केला, एवढेच निमित्त. दुसऱ्या प्रश्नाकडे मी सावकाश वळेन. पहिल्याचे उत्तर मात्र आपल्या जिभेवरच आहे, आणि ते आपण रोज वापरतो.

'फिरंगी' हाच शब्द घ्या. मराठीत तो मुख्यतः पोर्तुगीजांसाठी रूढ झाला. पण त्याचे मूळ 'फ्रँक' ह्या जमातीच्या नावात आहे, आणि फ्रान्स देशाचे नावही त्याच जमातीवरून पडले. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी पश्चिम युरोपातल्या यच्चयावत लोकांना फ्रँकांच्या नावाने ओळखले, फारसीत त्याचा 'फरंगी' झाला आणि तेथून तो आपल्याकडे आला. मौज अशी की, खरेखुरे फ्रेंच लोक आपल्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांचे नाव आधीच दुसऱ्याने घेतलेले होते! मग त्यांना 'फरासीस' असे निराळे नाव मिळाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर व्यापाऱ्यांची नावे येतात, तेथे फिरंगी आणि फरासीस हे दोन वेगळे लोक म्हणून मोजलेले आहेत.

दुसरा शब्द 'मुसा'. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत निजामाच्या पदरी असलेल्या फ्रेंच सेनापतीचा उल्लेख 'मुसा बुसी' असा येतो. ते काही त्याचे नाव नव्हे. फ्रेंच माणूस दुसऱ्याला 'मस्यॉ' म्हणजे 'महाशय' म्हणून हाक मारतो. आपल्या दख्खनी कानांना ते 'मुसा' ऐकू आले, आणि बुसीसाहेबांचे मुसा बुसी झाले. पुढे ह्याच दरबारात रेमाँ नावाचा दुसरा फ्रेंच सेनापती आला. त्याला मुसलमान मुसा रहीम म्हणत आणि हिंदू मुसा राम म्हणत, असे सांगतात. हैदराबादेतील मूसारामबाग ही वस्ती त्याच्याच नावाची. तेथून जवळच एका टेकडीवर त्याचे थडगे आहे. ग्रॅनाइटचा उंच निमुळता स्तंभ आणि त्यावर त्याच्या नावाची आद्याक्षरे. मामांच्या घरापासून ते लांब नव्हते, म्हणून दोनदा जाऊन आलो. आसपासच्या लोकांना मुसा राम ठाऊक होता, पण तो फ्रेंच होता हे ठाऊक असलेला कोणी भेटला नाही.

आता हे लोक इकडे आले कसे, ते थोडक्यात पाहू. १७५१ साली बुसी सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर बसवून औरंगाबादेस घेऊन आला आणि १७५८ पर्यंत दख्खनच्या राजकारणात त्याचा शब्द चालत होता. त्याच्याजवळ गोरे शिपाई फार नव्हते. त्याची खरी शक्ती म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेले देशी पायदळ आणि वेगाने चालणाऱ्या तोफा. १७५२ मध्ये पेशवा आणि सलाबतजंग यांच्यात भालकीचा तह झाला, त्यातही बुसीचा हात होता. भालकी आज कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात असली, तरी उदगीरच्या माणसाला ती परकी वाटत नाही.

आणि उदगीर तर आपलेच. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरजवळ नमवले आणि साठ लक्षांचा मुलूख घेतला, हे आपण शाळेत वाचतो. शाळेत जे सांगत नाहीत ते असे, की त्या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूने ज्याच्या तोफा चालल्या तो इब्राहिमखान गारदी बुसीच्या तालमीत तयार झालेला होता. बुसीला पाँडिचेरीहून परत बोलावणे आले, पुढे निजामाकडची नोकरी सुटली, आणि इब्राहिमखान आपली पलटण व आपली विद्या घेऊन भाऊंकडे आला. म्हणजे उदगीरच्या रानात निजामाचा पराभव झाला तो निजामाच्याच पैशाने दख्खनमध्ये आलेल्या फ्रेंच कवायतीने. पुढच्याच वर्षी पानिपतावर इब्राहिमखान भाऊंसाठी मेला. उदगीरचा किल्ला पाहायला जाणारे आपण सारे जण उदागीर बाबांची समाधी पाहतो, बुरूज मोजतो. तोफखान्याची ही गोष्ट तेथे कोणी सांगत नाही.

पस्तीस वर्षांनी, ११ मार्च १७९५ रोजी, बीड जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या खर्ड्याला हाच खेळ पुन्हा झाला. निजामाकडून रेमाँची पलटणे होती. मराठ्यांकडून शिंद्यांची पलटणे पेराँच्या हाताखाली आणि होळकरांची द्यूद्रनेकच्या हाताखाली. तिघेही फ्रेंच! खर्ड्याच्या माळावर दोन्ही बाजूंनी एकाच भाषेचे अधिकारी उभे होते. त्यानंतर तीन वर्षांतच रेमाँ वारला, आणि त्याच १७९८ साली इंग्रजांनी निजामाशी तैनाती फौजेचा तह करून हैदराबादेतील फ्रेंच फौज निःशस्त्र केली. दख्खनमधले फ्रेंचांचे राज्यकारण तेथे संपले.

मागे उरले ते शब्द. 'पलटण' इंग्रजीच्या मार्गाने आली, पण तिचे मूळ 'पलोताँ' हा फ्रेंच शब्द आहे. 'काडतूस' पोर्तुगीजांकडून आले म्हणतात. त्याचे फ्रेंच भावंड 'कार्तूश' इतके सारखे आहे की, लष्करात कोणी कोणाकडून उचलले हे सांगणे अवघड. 'गारदी' हा शब्द पहारा या अर्थाच्या 'गार्द'वरून आला, असे सामान्यतः मानतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर ह्या शब्दाला आपल्याकडे जो काळिमा लागला तो अजून गेलेला नाही. शब्दांची यादी एवढ्यावर पुरे. तोफा घेऊन आलेल्यांनी तोफखान्याचेच शब्द दिले, ह्यात नवल ते काय?

पण फ्रेंच लोक ह्या मुलुखात त्याआधी शंभर वर्षे येऊन गेले होते, आणि त्यांच्यापाशी तोफा नव्हत्या. झाँ-बातिस्त ताव्हर्निये हा जवाहिऱ्या. सुरतेहून गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या बाजाराकडे जाणारा रस्ता औरंगाबाद आणि नांदेडवरून जात असे, आणि त्याच्या प्रवासवर्णनात त्या रस्त्यावरील मुक्कामांची नावे क्रमाने येतात. काही ओळखू येतात, काही त्याच्या कानांनी अशी वाकडी केली आहेत की नकाशा पुढे घेऊनच लावावी लागतात. हे पुस्तक १६७६ साली पॅरिसमध्ये छापले गेले. त्याच्याच काळातला दुसरा प्रवासी झाँ द तेव्हनो. तो १६६६ च्या आरंभी सुरतेस उतरला, औरंगाबादेहून वेरूळला गेला आणि नांदेड, इंदूर (म्हणजे आजचे निजामाबाद) ह्या वाटेने गोवळकोंड्यास पोहोचला. वेरूळच्या लेण्यांचे युरोपीय माणसाने केलेले पहिले सविस्तर वर्णन त्याचेच. वयाची पस्तिशीही न गाठता १६६७ मध्ये इराणात त्याला मरण आले, आणि हिंदुस्थानचा भाग १६८४ मध्ये, त्याच्या मागे, प्रसिद्ध झाला. तेव्हनो घरून निघाल्यावर तुर्की, अरबी आणि फारसी शिकला होता. त्यामुळे तो आपल्या मुलुखातून मुका होऊन गेला नाही, विचारत गेला. मला ह्या माणसाबद्दल बुसीपेक्षा अधिक आदर वाटतो.

तिसरा आँकेतिल-द्युपेराँ. हा तर केवळ भाषेसाठीच हिंदुस्थानात आला. बुसी दख्खनमध्ये होता त्याच दिवसांत, १७५८ साली, तो पश्चिम किनाऱ्याने वर येऊन पुणे, औरंगाबाद, वेरूळ पाहत सुरतेस गेला. तेथे पारशी दस्तुरांकडून त्याने अवेस्ता शिकून घेतला आणि १७७१ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला. पुढे दारा शुकोहने १६५७ मध्ये करविलेला उपनिषदांचा फारसी अनुवाद त्याच्या हाती आला. तो त्याने लॅटिनमध्ये उतरवला (१८०१-०२), आणि तो लॅटिन ग्रंथ वाचून जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौअर भारावून गेला. संस्कृत, फारसी, लॅटिन, जर्मन! ह्या साखळीतली एक कडी जरी भाषा शिकण्याचा कंटाळा करणारी निघती, तरी उपनिषदे युरोपात केव्हा पोहोचली असती कोण जाणे.

येथे एक शंका येते. पन्नास वर्षे फ्रेंच लोक दख्खनमध्ये वावरले, मग त्यांची भाषा येथे का टिकली नाही? ह्याचे उत्तर मला नांदेड शहरातच सापडते. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली गोदावरीकाठी आले, आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी येथेच त्यांचे देहावसान झाले. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ ह्या काळात आजच्या सचखंड हुजूरसाहिबची इमारत बांधविली. (त्याच रणजितसिंगांनी १८२२ पासून आलार प्रभृती फ्रेंच अधिकारी नोकरीस ठेवले होते, आणि लाहोरच्या खास फौजेत कवायतीचे हुकूम फ्रेंचमधून सुटत. जग कसे लहान असते पाहा!) त्याच सुमारास निजामाचा दिवाण चंदुलाल याच्या विनंतीवरून लाहोरी फौज हैदराबादेस आली. ह्या सर्वांचे वंशज, म्हणजे दखनी शीख, आज नांदेडात आहेत. त्यांच्या घरी पंजाबी आहे, बाजारात दखनी आहे, आणि मराठी तर तुमच्या-माझ्यासारखीच. पंजाबी टिकली, कारण तिच्यापाशी पोथी होती, लंगरची चूल होती, मुलांना अक्षर गिरवून देणारे कोणी होते. मुसा बुसीच्या छावणीत ह्यांपैकी काही नव्हते. छावणी उठली, की भाषाही उठते.

पाँडिचेरीत फ्रेंच राहिली ती शाळा, कचेऱ्या आणि घरे होती म्हणून. १९५४ मध्ये तेथील सत्ता भारताकडे आल्यावरही ती एकदम पुसली गेली नाही. उलट अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स पाहा. हे शहर १७१८ मध्ये फ्रेंचांनीच वसवले. १८०३ मध्ये नेपोलियनने तो सारा लुइझियाना प्रांत अमेरिकेस विकला, तरी घराघरांत फ्रेंच शंभर वर्षे चालू राहिली. मग १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून इंग्रजीच असावी असे ठरवले, आणि वर्गात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. एका-दोन पिढ्यांत आजीची भाषा नातवाला येईनाशी झाली. १९६८ मध्ये त्याच राज्याने फ्रेंचच्या जतनासाठी सरकारी मंडळ नेमले. आज त्या शहरात फ्रेंच शोधायला जाणाऱ्यास ती रस्त्यांच्या पाट्यांवर आणि खाद्यपदार्थांच्या नावांत आधी भेटते, माणसांच्या तोंडी क्वचित.

हे परदेशचे झाले. आपल्या घरात काय घडले? आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने उर्दूतून शिक्षण घेतले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि पाठ्यपुस्तकांसाठी तेथे स्वतंत्र भाषांतर खाते होते. रसायनशास्त्रापासून इतिहासापर्यंत सारे उर्दूत उतरवले जाई. मराठी घरात मराठी, शाळेत उर्दू, कचेरीच्या जुन्या दप्तरात फारसी आणि मोडी, सीमेवर तेलुगू नि कन्नड: चार-पाच लिप्या डोळ्यांखालून घालणारा साधा कारकून ह्या जिल्ह्यांत दुर्मिळ नव्हता. त्या काळी मायबोलीतून शिकण्याचा हक्क नाकारला गेला हे खरेच, आणि त्याविरुद्ध लोक लढले हे योग्यच झाले. परंतु १९४८ नंतर लादलेल्या भाषेबरोबर ती वाचण्याची विद्याही आपण टाकून दिली. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा निजामकाळातील उर्दू आणि मोडी कागद पुढे आले, आणि ते वाचणाऱ्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध करावी लागली. नोंद कोणाची निघावी, कोणाची न निघावी, हा वाद बाजूला ठेवू. माणसाच्या कुळाची, जमिनीची, जातीची नोंद कागदावर आहे, कागद कपाटात आहे, आणि गावात तो कोणालाच वाचता येत नाही, ही अवस्था पुरेशी बोलकी आहे. "भाषा शिकून उपयोग काय?" असे विचारणाऱ्यांनी त्या दिवसांत तहसील कचेरीत एक फेरी मारायला हवी होती.

फ्रेंचचेही तसेच आहे. तेव्हनोने पाहिलेले वेरूळ आणि नांदेडची वाट आपण वाचतो ती बहुधा १६८७ च्या इंग्रजी भाषांतरातून, सुरेंद्रनाथ सेनांनी १९४९ मध्ये संपादित केलेल्या आवृत्तीतून. ताव्हर्निये वाचतो तो व्हॅलेंटाइन बॉलच्या १८८९ च्या इंग्रजीतून. आपल्याच गावाची हकीकत तिसऱ्याच्या तोंडून ऐकायची, आणि तीही त्याने जेवढी सांगितली तेवढीच! इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे निमूट का सोसावे?

आता भाषेविषयी चार गोष्टी. मराठवाड्यातल्या मुलाला फ्रेंच अवघड जाईल, असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. हैदराबादच्या वर्गात केवळ इंग्रजीच्या आधाराने शिकणारी मुले ज्या ठिकाणी अडत, त्या ठिकाणी मराठी मनाला वाट सापडत असे. फ्रेंचमध्ये 'त्यु' आणि 'व्हू' असे दोन शब्द आहेत. इंग्रजीच्या एकट्या 'यू'ला ते समजावून सांगावे लागतात. आपल्याला 'तू' आणि 'तुम्ही' म्हटले की झाले; गुरुजींना 'त्यु' म्हणू नये हे कोणी शिकवावे लागत नाही. निर्जीव वस्तूंना लिंग असते ह्याचेही आपल्याला आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे तर तीन लिंगे, फ्रेंचमध्ये दोनच. फक्त ती आपल्या लिंगांशी जुळत नाहीत, एवढे सोसावे लागते. नदी तिकडेही स्त्रीलिंगी आहे, पण समुद्रही स्त्रीलिंगी आहे, आणि चंद्र तर चक्क 'ती चंद्र'. संस्कृत काव्ये वाचलेल्या माणसाच्या जिवावर येते, पण इलाज नाही.

उच्चारात फ्रेंचचा 'र' प्रसिद्ध आहे. तो जिभेच्या टोकाने काढायचा नसतो, घशातून काढायचा असतो. वर्गात बाई तास-तास हा उच्चार करवून घेत. नांदेडच्या चौकात वाढलेल्या मुलाने मात्र 'ग़रीब', 'ग़ालिब', 'बाग़' हे शब्द उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडून नीट ऐकलेले असतात. तो ग़ैन म्हणजेच जवळजवळ फ्रेंच 'र'. 'पारी' म्हणजे पॅरिस. ते 'पाग़ी' असे म्हणून पाहा, निम्मे काम झाले. नाकातून काढायचे स्वर अनुनासिक म्हणून आपल्याला ठाऊकच आहेत. आपल्या जिभेला खरोखर नवा असा 'त्यु'मधला 'उ' तेवढा आहे. ओठ 'उ'चे करून आत 'ई' म्हणायची. ते आरशासमोरच शिकावे आणि दार लावून घ्यावे.

सर्वात मोठी गंमत आकड्यांची. सत्तरच्या पुढे फ्रेंच आकडे ऐकून नवशिका हबकतो. ऐंशीला स्वतंत्र शब्द नाही. 'कात्र-व्हँ' म्हणजे चार वीस. नव्वद म्हणजे 'कात्र-व्हँ-दिस', चार वीस दहा. वर्गात ह्यावर हशा पिकला. मला हसू आले नाही, कारण माझी आजी गोवऱ्या अशाच मोजायची. "चार इसा अन् वर दहा," म्हणजे नव्वद. शाळेत न गेलेल्या आपल्या आजीबाई विसांच्या हिशेबाने मोजतात आणि आपण त्यांना अडाणी समजतो. फ्रान्सच्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्वद म्हणताना नेमके तेच करतो. त्यांच्याकडे ही सवय फार जुनी, गॉल लोकांपासूनची असावी असे म्हणतात. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच भाषकांनी नव्वदीला सुटसुटीत शब्द वापरात ठेवला आहे. खुद्द फ्रान्सने मात्र आजीचा हिशेब सोडला नाही.

शिकावे कोठे, ह्याची चौकशी पुष्कळ जण करतात म्हणून सांगतो. लातूरला भौतिकशास्त्राच्या शिकवणीची पाटी प्रत्येक गल्लीत आहे, फ्रेंचची मला दिसली नाही. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग आहेत आणि आलियाँस फ्राँसेज ही संस्थाही आहे. आपल्याला जवळचे म्हणजे हैदराबाद. तेथे १९५८ मध्ये इंग्रजीसाठी निघालेली केंद्रीय संस्था १९७२ पासून परकीय भाषाही शिकवू लागली, आणि २००७ पासून ती केंद्रीय विद्यापीठ आहे. फ्रेंच, जर्मन, रशियन, अरबी, स्पॅनिश ह्या भाषांत तेथे पदवीपर्यंत जाता येते. नांदेडहून रात्री गाडीत बसले की सकाळी हैदराबाद. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांना मोबाईलवर उच्चार ऐकता येतात, परंतु चुकलेले वाक्य थांबवून दुरुस्त करणारा माणूस मोबाईलमध्ये नसतो, हे ध्यानात ठेवावे. तोवर उर्दू आणि मोडी तर गावातच आहेत. दोन-तीन वृद्ध वाचक अजून प्रत्येक तालुक्यात निघतील. त्यांच्याकडे आधी जावे, फ्रेंच थांबू शकते.

तेव्हनोच्या मूळ फ्रेंच पुस्तकाची जुनी छापील पाने आता संगणकावर पाहावयास मिळतात. त्यांत 'स' हे अक्षर 'फ'सारखे छापलेले आहे, आणि शब्दांची घडणही आजच्याहून निराळी. शब्दकोश शेजारी ठेवून मी वेरूळची पाने लावीत आहे. आठ ओळींना एक संध्याकाळ लागते. लेण्यांपर्यंत पोहोचलो आहे. नांदेड अजून बरेच पुढे आहे.